पाण्याखालची पांढरी

पुण्यात सलग तीन-चार दिवस पाऊस झाला की आई संध्याकाळी मामाला फोन लावते. इकडचं तिकडचं बोलणं होतं, मग मामा बातमी देतो. दौंडला इतके हजार क्युसेक चालू आहे, उजनी उणे इतक्या टक्क्यांवर आली. आई सगळं ऐकून घेते आणि विचारते, "आरं पर, मारुतीला पाणी लागलं का?"

हा मारुती तिच्या जुन्या गावाच्या वेशीतला. मूर्ती केव्हाच वर नेली, खाली राहिला तो घडीव दगडांचा चौथरा. तरी त्या चौथऱ्याला अजून मारुतीच म्हणतात. पाऊसपाणी बरं असेल तर वर्षानुवर्षं तो भीमेच्या पाण्याखाली असतो.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. टेंभुर्णीजवळ भीमा अडवली आणि पाणी मागे मागे सरकत इंदापूर, करमाळा, कर्जतच्या शिवारांत पसरलं. त्या पाण्यात जी गावं गेली त्यांतलं एक माझं आजोळ. नाव मुद्दाम लिहीत नाही. काठावरच्या कुणीही हे वाचलं तर त्याला आपल्याच गावाबद्दल लिहिलंय असं वाटेल, आणि तसं वाटलं तर ते चुकीचं नाही.

या भागात 'प्लस' आणि 'मायनस' हे शब्द पोरं शाळेच्याही आधी उजनीमुळे शिकतात. धरणात एकूण ११७.२३ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी हिशेबात न धरलेलं पाणी. त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी तेवढं हिशेबातलं, आणि टक्के मोजायचे ते त्याचेच. हे वरचं सगळं पाणी उंचीत मोजलं तर पुरतं सहा मीटरसुद्धा भरत नाही. धरण पसरट आहे, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ कुठल्या कुठे मागे जातो. हिशेबातलं पाणी संपलं की टक्के उण्यात जातात. २०१६ ला गेले, २०१९ ला गेले. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उजनी उणे ६० टक्क्यांच्या जवळ पोचली होती, म्हणजे मृतसाठ्यातलंही ३२ टीएमसीच्या आसपास पाणी उपसून झालं होतं.

आमचं गाव त्या मृतसाठ्यात आहे. ते बघायचं तर दुष्काळ पडावा लागतो.

आजी गावाबद्दल बोलायची तेव्हा दोन शब्द तिच्या तोंडी सारखे यायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे जिथे माणसांनी घरं बांधली, राख टाकली, जनावरं बांधली, पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या आणि पुन्हा त्याच मातीच्या उभ्या राहिल्या ती जागा. अशा जागेची माती खरोखरच वेगळी होते, फिकट आणि चिकट. माळवदावर तीच घालायची, म्हणजे छत गळत नाही. आजीचं म्हणणं असं, की काळी सरकार देऊ शकतं. इथली घेतली तर तिथं देईल, कमी देईल, हलकी देईल, पण देईल. पांढरी कुणी देऊ शकत नाही. ती माणसांनी राहून राहून व्हावी लागते.

तिने सांगितलेलं गाव मी इतक्यांदा ऐकलंय, की प्रत्यक्ष बघायच्या आधीच मला ते पाठ होतं. वेशीतून आत आलं की उजव्या हाताला मारुती, पुढे चावडी, चावडीसमोर लिंबाचा पार. पारापासून उतार सुरू व्हायचा, तो थेट नदीच्या घाटापर्यंत. उताराच्या वरच्या अंगाला वरची आळी, नदीकडची ती खालची आळी. घरं सगळी माळवदाची. उन्हाळ्यात रात्री सगळं गाव वर झोपायला, आणि माळवदाला माळवद लागून असल्यामुळे एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईकडे जमिनीवर पाय न टाकता जायची. कुणाची कालवड व्याली, कुणाची सून रुसली, हे सगळं त्या माळवदांवरून रात्रीच्या रात्री गावभर. घराची मोजणी खणांत. आमचं घर सात खणी. जमिनीतल्या पेवांत ज्वारी. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी वाफ जाऊ द्यायची, हे आई अजूनही असं सांगते जणू आमच्या फ्लॅटमध्ये कुठेतरी पेव आहे.

मग नोटिसा आल्या. आजोबा त्याला 'सेक्शन चार' म्हणायचे. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा इंग्रजांचा, पण त्यातल्या त्या कलमाचा आकडा गावातल्या अंगठेबहाद्दर माणसालासुद्धा तोंडपाठ झाला. पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला १९७६ साली. लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागात, पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्यातली मोठी रक्कम आधी भरायची, असा दंडक. आता मोबदला येतो हातात, आणि त्याच वर्षी घर बांधायचं असतं. दगड, वाळू, वाहतूक, चुलीपासून सगळं नवं. बहुतेकांच्या पैशाचं घर झालं आणि जमीन राहिली. आजोबांचंही तसंच. मी ती गोष्ट त्यांच्या तोंडून एकदाच ऐकली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते उठून गोठ्यात गेले.

घरं पाण्याने पडली नाहीत, माणसांनी स्वतः उतरवली. हे मला फार उशिरा कळलं. मी लहानपणापासून समजत होतो, की एका रात्री पाणी आलं आणि गाव बुडालं. प्रत्यक्षात आधी माळवदाची माती खाली ओढली, मग किलचा काढला, तुळया सोडवल्या, खांब उपटले, चौकटी काढल्या. सगळं बैलगाडीत घालून वर माळावर. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिच्या हातात पाट्याचा वरवंटा दिला होता आणि "पाडू नगंस" असं बजावलं होतं. पाटा जड म्हणून गाडीत, वरवंटा तिच्याकडे. तो आज आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात आहे. मिक्सर आल्यापासून वापर नाही, पण दर दिवाळीला घासून पुसून पुन्हा जागेवर.

नवं गावठाण माळावर आखलं, सरळ रेघांत. काटकोनातले रस्ते, प्लॉटला नंबर. घर कुणाशेजारी हे नंबर ठरवणार. आजीची एक मैत्रीण होती, जुन्या गावात भिंतीला भिंत लागून. भिंतीत एक देवळी अशी होती, की ती दोन्ही घरांतून उघडायची. विस्तव, मीठ, चहापत्ती, कधी निरोप, सगळं तिच्यातून. नव्या गावात त्या दोघींच्या घरांमध्ये पूर्ण गावठाण आलं. आजी शेवटपर्यंत रोज दुपारी तिच्याकडे चालत जायची, आणि जाताना काही ना काही हातात असायचंच. एखादी वाटी, दोन लिंबं, नाहीतर नुसता कढीपत्ता. देवळीतून गेल्यासारखं ते रोज जात राहिलं.

मला त्या गावातली एक गोष्ट फार आवडते. नवं गावठाण तळहातासारखं सपाट आहे. पण तिथेही वरची आळी आहे आणि खालची आळी आहे. वरची कुठे वर नाही, खालची कुठे खाली नाही. जुन्या उतारावरून आलेली माणसं जिथे जिथे बसली तिथे तिथे ते नाव बसलं. माझ्या मामेबहिणीच्या मुलीला मी विचारलं, खालची आळी का म्हणतात गं? ती म्हणाली, "आमी खालच्या आळीचे हाय म्हणून." तिने उतार पाहिलेला नाही. तिच्या आईनेही नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे, जी सांगताना मला त्रास होतो, पण गावाचं चित्र काढायचं तर ती वगळता येत नाही. जुन्या गावात दलित वस्ती गावकुसाबाहेर होती, नदीच्या खालच्या अंगाला. पाणवठा वेगळा. सगळं गाव उचलून नव्या जागी नेताना, कोऱ्या माळावर नव्याने रेघा आखताना, तेवढं अंतर तरी पाण्यात सोडून देता आलं असतं. आलं नाही. नव्या नकाशातही ती वस्ती कडेला, ओढ्यापलीकडेच आखली गेली. पांढरी नेता येत नाही म्हणून हळहळणाऱ्या आमच्या माणसांनी हे मात्र नीट मोजूनमापून बरोबर नेलं. आता तिकडच्या पोरांची पक्की घरं आहेत, दोघं-तिघं प्रकल्पग्रस्तांच्या राखीव जागांतून सरकारी नोकरीला लागले, यात्रेची वर्गणी एकत्र निघते. पण ओढा ओलांडायचा की नाही, याचा विचार लग्नकार्याच्या दिवशी अजून होतो, आणि तो माझ्या नात्यातली माणसं करतात.

धरणाने नदीचं माप बदललं. पूर्वी उन्हाळ्यात भीमा उतरली, की पलीकडच्या गावी लोक चालत जायचे. धोतराचा सोगा वर धरायचा की झालं. पावसाळ्यात भोयाची नाव, त्याला बलुतं सुगीला. सोयरिकी दोन्ही काठांना. आजीच्या दोन बहिणी पलीकडे दिलेल्या. आता मधे समुद्रासारखं पाणी, पलीकडचे दिवे लांबवर लुकलुकतात. रस्त्याने जायचं तर केवढा वळसा, म्हणून लोक होडीत बसतात. मोटारसायकलीसुद्धा होडीत घालतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. त्या दिवसांत आम्ही गावातच होतो. पाणी तळाला गेलेलं, आणि तरी सहा माणसं बुडावीत एवढं ते होतं. मामी दोन दिवस काठाकडे फिरकली नाही. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला आहे. तो होईल तेव्हा आजीच्या बहिणींची नातवंडं आमच्या गावच्या यात्रेला येतील, असं मला मनापासून वाटतं.

पाण्याने दिलं काय, हेही सांगितलं पाहिजे. मामाकडे आज ऊस आहे, पलीकडे कंदरच्या बाजूला केळी आहे, ती परदेशात जाते. भिगवणला मासळीचा बाजार भरतो. भोई समाजाची नावेची बलुतेदारी गेली, पण पाणी वाढल्यावर जाळी वाढली. नदीचे जुने मासे कमी झाले, चिलापी झाली. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, कुंभारगावची पोरं पाहुण्यांना होडीतून ते दाखवतात, आणि कुठला पक्षी कुठून आला ते अभ्यास करून सांगतात. सोलापूर शहर हे पाणी पितं. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेत पाणी हवं, तेही इथूनच सोडतात. आजीला त्याचं फार होतं. पाणी सोडल्याची बातमी रेडिओवर लागली की ती हात जोडायची. म्हणायची, "आपल्या उंबऱ्यावरनं गेल्यालं पाणी इठ्ठलाच्या पायाला लागतंय. अजून काय पायजे?" हे ती समाधानाने म्हणायची की स्वतःची समजूत काढायला, मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल.

पण याच पाण्यात माझंही काही आहे. मी पुण्यात राहतो. माझ्या मोरीतलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. शहराचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊन जातं असं नाही, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही नदीच्या पुलावरून जाताना कळतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, वास मारतं, जलपर्णी साचते. मामी मला काही म्हणत नाही. फक्त मी गेलो की प्यायला जारचं पाणी देते, आणि स्वतः घरातलं पिते. मी दोन-तीनदा तिच्याच घागरीतलं घ्यायला गेलो. तिने तांब्या काढून घेतला. "तुला सोसायचं न्हाई," म्हणाली. मला ते सोसणार नाही हे खरं आहे. तिला ते सोसायला लावणाऱ्यांत मी आहे, हेही तितकंच खरं आहे.

२०२४ च्या त्या मे महिन्यात आईला घेऊन गेलो, ते मामाच्या फोनमुळे. म्हणाला, "ताईला आण. औंदा समदं उघडं पडलंय." आईने गुडघ्याला पट्टा बांधला आणि सकाळी सहाला निघायला तयार.

नव्या गावापासून काठापर्यंत मामाच्या मोटारसायकलवर, तिथून पुढे चालत. पाणी हटलेल्या जमिनीवर गाळ वाळून त्याची ढेकळं झालेली, मधे पाय जाईल एवढ्या भेगा. शिंपल्यांचा खच. जिथे ओल होती तिथे कुणीकुणी गाळपेर केलेली, हिरवे तुकडे दिसत होते. ट्रॅक्टर गाळ भरून नेत होते. वाळलेल्या बाभळींचे काळे बुंधे उभे होते, चाळीसहून अधिक वर्षं पाण्यात राहून दगडासारखे झालेले. जवळच्या पळसदेवला जुनं पळसनाथाचं देऊळ असंच उन्हाळ्यात वर येतं आणि लोक लांबून बघायला येतात. आमच्या गावात बघायला येण्यासारखं काही नाही. जोती, दगड, एक फुटकं उखळ, जात्याची अर्धी तळी, बांगड्यांचे तुकडे.

आई मारुतीच्या चौथऱ्यापाशी थांबली. त्यावरचा वाळलेला गाळ पदराने पुसला, नमस्कार केला. मग पाठ त्याला लावून उभी राहिली आणि मनाशी काहीतरी मोजलं. "हितनं डावीकडं. कासाराचं घर. मग बोळ. बोळाच्या तोंडाला मोठा दगुड, त्याला म्हस घासायची. मग आपलं." आणि चालायला लागली. मला सगळीकडे सारखेच दगड दिसत होते. ती बोळातून वळली. तो मोठा दगड होता. एका बाजूने गुळगुळीत झालेला.

आमच्या घराची जोती गुडघाभर उंचीची उरली आहेत. भिंती नाहीत, छप्पर नाही, चारी बाजूंनी कुठूनही आत जाता येतं. मी समोरून सरळ जोत्यावर चढलो. आईने मागून हाक मारली. ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली होती, जिथे दगडांच्या ओळीत तीन-एक फुटांची फट होती. दार. चौकट आणि उंबरा आजोबांनी काढून वर नेला, तो मामाच्या घराला आजही आहे. इथे नुसती फट. आईने चपला बाहेर काढल्या आणि त्या फटीतून आत गेली. मला म्हणाली, "खाली उतर. दारातनं ये." मी उतरलो, बूट काढले, दारातून आत गेलो. मेच्या उन्हात गाळ तापलेला होता, तळवे भाजत होते.

तिने मला घर दाखवलं. हे माजघर. ही चूल. इथं पेव. इथं तुझ्या मामाचा पाळणा. ही ती देवळीची भिंत, असं म्हणून तिने हवेत, छातीच्या उंचीवर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. मग खाली बसली आणि कोपऱ्यातला गाळ बोटांनी उकरायला लागली. वीतभर उकरल्यावर खाली वेगळी माती लागली. फिकट, चिकट. तिने ती चिमूटभर घेऊन माझ्या तळव्यावर ठेवली. काही बोलली नाही.

मामा आमच्याबरोबर आत आला नव्हता. तो खाली, पाण्याच्या कडेला, आपल्या मोटारीपाशी होता. पाणी मागे हटेल तशी मोटार पुढे न्यावी लागते, पाइप जोडत जावं लागतं, केबल वाढवावी लागते. त्या वर्षी त्याने कितव्यांदा तरी पाइप वाढवला होता आणि तरीही फूटव्हॉल्व्ह गाळात रुतत होता. वर उसाचा खोडवा वाळत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, मामा, तुम्ही घरात आला नाहीत. त्याने पाण्यावरची नजर हटवली नाही. "तुमास्नी गाव दिसलं की बरं वाटतं. वाटायलाच पायजे. मला ते दिसायला लागलं ना, की पोटात गोळा येतो. आधी चावडी दिसती, तवा म्हणायचं, बघू. मारुती दिसला की समजायचं, ऊस जातोय." थोड्या वेळाने म्हणाला, "माझा जल्म त्याच घरातला हाय. पर मी देवाला सांगतो, दावू नगंस बाबा."

वर, जोत्यावर, आई अजून बसलेली दिसत होती. उन्हात तिच्या पातळाचा रंग लांबूनही उठून दिसत होता. मामाने तिच्याकडे पाहिलं, टॉवेल ओला करून पिळला आणि माझ्या हातात दिला. "डोक्याव टाक म्हणावं. ऊन लागंल."

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. जुलैत पुण्याकडची धरणं भरत आली, विसर्ग सुरू झाले, आमच्या पुलाखालून मुठा फेसाळत जायला लागली. आई दोनदा छत्री घेऊन पुलावर जाऊन आली. महिना संपायच्या आत एका संध्याकाळी तिने फोन लावला. मामाचा आवाज स्पीकरवर मोठा येत होता, मागे पोरांचा गलका होता. दौंडचे आकडे सांगितले. टक्के सांगितले. उजनी दोन-चार दिवसांत प्लसमध्ये येणार म्हणाला. खोडवा थोडा वाचला म्हणाला.

"आरं पर, मारुतीला?"

"लागलं, ताई. काल रातीच लागलं. सकाळी बगाया गेलतो, दिसंना."

आई "बरं झालं" म्हणाली, आणि फोन हातात तसाच धरून बसली. मग मामाने विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, न्हाई अजून, आता बसतोच.